उस्तादांचं कडं

उस्ताद, तुमचं कडं झिजलं. तुम्हाला जाऊन कितीक वर्षं झाली, तरी ही गोष्ट माझ्याच तोंडून कळावी म्हणून लिहायला बसलो.

नांदेडची आपली बॉल मिल अजून तीच आहे. आदिलाबादकडून मँगनीजचा दगड येतो, फिरत्या पिंपात पोलादी गोळ्यांच्या माराखाली त्याची काळी भुकटी होते, आणि दगड दळता दळता गोळेही झिजतात. दसऱ्याआधी मिल उघडायची, एकेक गोळा कड्यातून घालून बघायचा. अडला तो परत आत, आरपार पडला तो भंगारात. लहान झालेला गोळा दगड फोडत नाही, नुसती जागा अडवतो. देगलूरहून आणलेली बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव तापवून तुम्ही ते कडं वळवलंत, कानशीनं घासत बरोबर चाळीस मिलिमीटरला आणलंत. काम सोडताना ते मला दिलंत. एवढ्या माणसांत मलाच, हे मी अजून लोकांना सांगत असतो.

एकदा एक गोळा अगदी घासून खाली पडला. चांगला गोल होता, म्हणून मी तो हळूच आत सरकवून राहिलो होतो. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "पडला की पडला. जावई हाय का तुझा, आत बसवून ठेवायला?" दिवसभर सगळे मला सासरेबुवा म्हणत होते. तुम्हीसुद्धा.

यंदा व्हर्नियरच्या मापपट्टीनं एकेचाळीस भरलेला गोळा कड्यातून आरपार पडला. मोजमाप मी कुठल्या कॉलेजात नाही, पुस्तकं चाळून शिकलोय. माझं चुकत नाही. मग व्हर्नियरच चुकला असणार, असं धरलं. शेजारच्या कारखान्यातून दुसरा आणला. तोही तेच बोलला. शेवटी कडं मोजलं, तर बेचाळीस. इतकी वर्षं पोलादाशी घासून तेच मोठं झालं होतं, आणि कामाचे गोळे आपण भंगारात घालून राहिलो होतो.

लेथवर नवं करून घेतलं. तुमचं भंगाराच्या ढिगापर्यंत नेलं, कारण नियम तुमचाच. बराच वेळ तिथं उभा होतो. पोरांनी विचारलं, काय हरवलं का.

ही चिठ्ठी पाठवायची तरी कुठं. घरी चष्म्याच्या डबीशेजारी राहील, कड्याखाली दाबून. हो, कडं घरी आणलंय. जावई समजा.