तिसऱ्या ओळीतले हिरवे ओठ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा रंगीत छपाईच्या धातूच्या प्लेटा बनवणे (आता बंद), ऊर्फ ................, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. 'ऊर्फ'पुढची जागा विसरून मोकळी राहिलेली नाही. ती शेवटी भरली जाईल, तोवर वाचणाऱ्यांनी धीर धरावा. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मी चौदाव्या खेपेस दोनवर पोचलो, तेव्हा पडताळायला त्यांनाच कागद घ्यावा लागला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला आधी माणसाने जवळ येऊन बसावे लागते, आणि तेवढी सवड या घरात कोणाला नाही.

कलम १. यापूर्वी मी रागाच्या भरात तीन मृत्युपत्रे केली. दोन मुलाला वगळणारी होती, एक सगळ्यांनाच. तिन्ही रद्द समजावीत.

कलम २. माझी स्थावर मिळकत म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या व स्वयंपाकघर. पैकी मधली खोली व स्वयंपाकघर मुलाला मिळावे. मधल्या खोलीतला पंखा करकरतो. "रविवारी बघतो, बाबा," असे मुलगा बारा वर्षे म्हणत आहे. तो पंखा आणि यापुढचे सगळे रविवार त्याच्या मालकीचे. मागची खोली मुलीला मिळावी. पुढच्या खोलीचे कलम आठमध्ये पाहावे.

मुलगाही प्लेटांच्याच धंद्यात आहे, पण त्याची प्लेट कॉम्प्युटरमधून निघते. "चार मिनिटांत प्लेट तयार, बाबा. तुम्हाला अख्खा दिवस लागायचा." हे तो पाहुण्यांसमोर सांगतो. खरे आहे. चार मिनिटांत निघते आणि चार दिवसांत भंगारात जाते. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढेच लिहून हा विषय मी बंद करतो.

कलम ३. बँकेतली ठेव दोन्ही मुलांनी निम्मी-निम्मी घ्यावी. भांडायला पुरेल एवढी ती नाही.

कलम ४. माझे पितळी भिंग सूनबाईंना मिळावे. या भिंगातून मी छपाईचे ठिपके पाहत असे. सूनबाई त्यातून तांदळातले खडे पाहतात. पूर्वी मला याचा राग येई. पण या घरात एखादी गोष्ट नीट निरखून पाहणाऱ्या त्या एकट्याच आहेत, हे उशिरा का होईना ध्यानात आले. मुलानेही ते अधूनमधून मागून घ्यावे.

कलम ५. माझी टिकाऊ प्लेट करण्याची कृती. ही मी चाळीस वर्षे जिवापाड लपवली. आता फुकट सांगतो, तर घ्यायला कुत्रे फिरकत नाही. तरी लिहितो.

साधी प्लेट वीस-तीस हजार कागद छापते, मग चित्र पुसट होते. माझी साडेतीन लाख छापून ताठ उभी राही. गुपित एवढेच, की पत्र्यावर चित्र पक्के झाले की डिंकाच्या पाण्याचा पातळ हात द्यायचा आणि प्लेट भट्टीत भाजायची. भट्टी छापखान्यात नव्हती, गल्लीच्या तोंडाशी बेकरीत होती. सकाळचा माल निघाला की बेकरीवाला मला पंचवीस मिनिटे देई. वेळ कमी पडला तर चित्र कच्चे राहते, जास्त झाला तर पत्रा मऊ पडून यंत्रावर फाटतो.

"तुझा पत्रा भाजून मला काय मिळणार?" तो विचारी.

"धंद्यात नाव होईल."

"नाव राहू दे, आधी दार लाव. ऊब चाललीय सगळी."

त्याच्या पावांना व्हार्निशचा वास येई अशी त्याची तक्रार होती. ती खरी होती. आजवर मी ती नाकारत आलो, त्याबद्दल दिलगिरी.

कलम ६. भिंतीवरचे घड्याळ. हे छापखान्याच्या मालकांनी मला समारंभपूर्वक दिले. खाली पितळी पट्टी आहे, 'साडेतीन लाख छपाईच्या प्लेटेबद्दल'. घड्याळ आठ महिन्यांत बंद पडले. प्लेट अजून धडधाकट आहे. मालक वारले. घड्याळ त्यांच्या चिरंजीवांना परत करण्यात यावे, कारण ते ज्या प्लेटेबद्दल दिले तिची हकिगत पुढे येते, आणि ती वाचल्यावर कोणताही शहाणा माणूस हे घड्याळ घरात ठेवणार नाही.

कलम ७. येथे वकीलसाहेबांनी मला थांबवले. "काका, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी विचारले, "मग कुठे लिहितात?" त्यांनी पुढचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. म्हणून येथेच लिहितो.

एकतीस वर्षांपूर्वी दुधाच्या पावडरीच्या डब्याचे लेबल आमच्याकडे आले. त्यावर एक हसरे बाळ. एका प्लेटेवर तेच लेबल चोवीस वेळा बसत होते, सहा-सहाच्या चार ओळी. पिवळा, लाल, निळा, काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटा. प्लेट करताना जिथे रंग नको, तिथे ब्रशने व्हार्निश लावून झाकायचे असते. झाकलेल्या जागी शाई धरत नाही.

लाल प्लेटेवर व्हार्निशचा एक थेंब नको तिथे पडला. तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या बाळाच्या तोंडावर. ओठांतला लाल गेला, राहिला पिवळा आणि जरासा निळा. तेवीस बाळे लाल ओठांनी हसत होती आणि एक हिरव्या. कागद तपासणारे कोपरे पाहतात. तिसऱ्या ओळीकडे कोणी पाहिले नाही. साधी प्लेट असती तर तीस हजारांत झिजली असती आणि चूकही तिच्याबरोबर मेली असती. पण ही मी भाजली होती. हिरव्या ओठांचे साडेतीन लाख डबे बाजारात गेल्यावर एका बाईंचे कंपनीला पत्र आले: "तुमच्या दुधाने तुमचेच बाळ हिरवे पडले आहे, आमच्याचे काय होईल?"

मालकांनी प्लेट टेबलावर आपटून विचारले, "झाकायचं काम कोणाचं?"

ते काम माझ्या मेहुण्याचे. माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, माझ्याच शब्दावर कामाला लागलेला, हात सोन्यासारखा. सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

"या प्लेटला मी हात नाही लावला," तो म्हणाला. आणि माझ्याकडे पाहून, "दाजी...?"

मी म्हणालो, "ब्रश तर त्याच्याच हातात असतात."

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. ब्रश एरवी त्याच्याच हातात असत. त्या दिवशीही होते. तो नळावर धूत होता. माझी टिकाऊ प्लेट मी दुसऱ्याच्या हाती देत नसे. ती मी माझ्या वेगळ्या ब्रशने झाकली. थेंब माझा.

तो त्याच दिवशी घरी बसला. मला पुढच्या महिन्यात घड्याळ मिळाले. साडेतीन लाख माझे आणि थेंब त्याचा, अशी ती वाटणी झाली. छापखान्यातल्या लोकांनी त्याचे नाव 'हिरवतोंड्या' ठेवले. आमच्या धंद्यात टोपणनाव माणसाच्या आधी पोचते. त्याला पुन्हा कोणी प्लेटेजवळ उभे केले नाही. तेव्हापासून तो लोकांच्या दारांवर आणि पत्रपेट्यांवर नंबर रंगवतो. माझी मुले लहानपणी त्याला 'हिरवे मामा' म्हणत. मी हसत असे.

माझ्या पत्नीने भावाला फार बोल लावले. "तुझ्यामुळे ह्यांची मान खाली गेली." सहा वर्षांपूर्वी ती दवाखान्यात शेवटच्या दुखण्याने पडली होती, तेव्हा तो भेटायला आला. ती म्हणाली, "तेव्हा जरा नीट बघितलं असतंस तर..." तो म्हणाला, "हो ताई. चुकलंच माझं." मी खाटेशेजारी उभा राहून संत्रे सोलत होतो. सोलतच राहिलो. ती चौथ्या दिवशी गेली.

मला लाज वाटते. हे वाक्य वकीलसाहेबांनी अनावश्यक म्हणून दोनदा खोडले. हे तिसऱ्यांदा लिहिले आहे.

कलम ८. पुढची खोली, म्हणजे घरातली सर्वांत उजेडाची, माझ्या मेहुण्याला कायमची मिळावी. त्यावर माझ्या मुलांचा कोणताही हक्क राहू नये. (हे कलम रद्द. कारण पुरवणीत.)

कलम ९. ती लाल प्लेट कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहे. ती मुलीकडे राहावी. भंगारात देऊ नये, घासून कोरी करू नये. तिचे तोंड खोलीकडे असावे.

कलम १०. 'हिरवतोंड्या' हे टोपणनाव, त्यासोबतचे सर्व टोमणे, हशा व कुजबुज यांसह, आजपासून माझ्या एकट्याच्या मालकीचे आहे. माझ्या मेहुण्याचा त्यावर हक्क वा बोजा राहणार नाही. ते वारसाहक्काने माझ्या मुलांकडे जाणार नाही. त्यांनी स्वतःची कमवावीत. माझ्या निधनाची बातमी छापाल तेव्हा हे नाव 'ऊर्फ' लावून छापावे, आणि छापण्याआधी कोणीतरी ते भिंगातून तपासावे.

पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी वकीलसाहेबांनी पुढच्या खोलीत मोठ्याने वाचला. मुलगा, सूनबाई, मुलगी, बेकरीवाला आणि मेहुणा हजर होते. मेहुणा कामावरून तसाच आला होता, नखांत पांढरा रंग. वाचून झाल्यावर मुलाने प्रथमच पंख्याकडे पाहिले. बेकरीवाला पुटपुटला, "म्हणजे ते बाळ मीच भाजलं की."

मग मेहुण्याने विचारले, "साक्षीदार कोण आहेत?"

"हे बेकरीवाले. दुसरे खालच्या मजल्यावरचे मास्तर, येतीलच," वकीलसाहेब म्हणाले.

"साक्षीदाराचं काम काय असतं?"

"समोर बसायचं. हे सही करतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. पण ते तुम्हाला नाही जमणार. साक्षीदार झालात तर यातलं तुम्हाला काहीच घेता येत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग मास्तरांना जिना चढायला लावू नका. मीच होतो."

मी म्हणालो, "अरे, ही खोली तुझ्यासाठी ठेवलीय मी!"

"एकतीस वर्षं खोलीवाचून काढली, दाजी. मला सही करताना बघायचंय."

मला त्याचा राग आला. माफी मागणाऱ्याला निदान मनासारखे दान तरी करू द्यावे. मग उमगले, की खोली देऊन मोकळे व्हायचा माझा बेत त्याने बरोबर ओळखला होता. त्याने माफ केले की नाही ते सांगितले नाही. मी विचारले नाही.

सबब कलम आठ रद्द. पुढची खोलीही मुलीला मिळावी. तिने मामाला तिथे हवे तेव्हा बसू द्यावे, हे मृत्युपत्र नव्हे, विनंती आहे.

वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून आधी बँकेत करतो तशी सही करीत आहे. मग 'ऊर्फ' लिहिले आणि हात थांबला. मेहुण्याने चष्मा लावला, खुर्ची टेबलाला भिडवली आणि म्हणाला, "सावकाश. अक्षरं सुटी काढा. रस्त्यावरनं वाचता आलं पाहिजे."

स्थळ : पुढच्या खोलीतले खिडकीजवळचे टेबल
दिनांक : ११ मार्च, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा

साक्षीदार :
१. बेकरीवाला (सही केली. पिठाचा अंगठा उमटला आहे, तो ग्राह्य धरू नये.)
२. मृत्युपत्र करणाऱ्याचा मेहुणा, धंदा नंबर रंगवणे (सही केली. सर्व काही समोर बसून पाहिले.)

मृत्युपत्र करणार :
(सही)
ऊर्फ
हि र व तों ड्या