सहज बसणाऱ्या टोप्या

प्रिय डार्ला,

आपल्या घरात कुणी कुणाला पत्र लिहीत नाही, त्यामुळे पाकीट बघून तू आधी घाबरशील. बाबा ठीक आहेत. कॅन्सरची औषधं जूनमध्येच संपली, गेल्या तपासणीत गाठ कुठे दिसली नाही आणि जेवण पूर्वीसारखं सुरू झालंय. काल सॉसेज आणि बटाटे दोनदा वाढून घेतले आणि वर मलाच म्हणाले, "तू चिमणीसारखं खातोस, म्हणून मिलमध्ये तुला ओंडके उचलायला न देता फळ्या मोजायला बसवलंय." डोंगरावरचे लार्च वृक्ष पिवळे पडलेत. शिकारीचा हंगाम तोंडावर आला, म्हणजे तुझी काडतुसं भरायचे दिवस आले.

त्यासाठीच शनिवारी आम्ही गसच्या दुकानात प्रायमर, काडतुसाच्या बुडातल्या टोप्या, आणायला गेलो. दोन-तीन वर्षं फळी रिकामी असायची, आठवतंय ना? या वेळी बाबांचा नेहमीचा निळा डबा समोरच होता. मी हात पुढे केला, तर बाबांनी तो बाजूला सारला आणि भलत्याच कंपनीचा पांढरा डबा उचलला. मला वाटलं, चुकून घेतला. गसलाही तेच वाटलं असणार. तो म्हणाला, "काय वेन्डल, म्हातारपणी बायको बदलावी तशी टोपी बदलतोयस?" बाबा म्हणाले, "बायको मी कुठे बदलली? तिनेच मला बदललं." सगळे हसले. गाडीत बसल्यावर मी जपून विचारलं, की हा डबा का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "टोपी ती टोपी."

डार्ला, हे बाबा म्हणाले. मसुराएवढी ती वस्तू हातात देऊन त्यांनी आपल्याला काय शिकवलं होतं? बंदुकीची सुई हिच्यावर आपटते, हिची ठिणगी आतल्या दारूला लागते, आणि प्रत्येक कंपनीची ठिणगी निराळी. टोपी बदलली की जुनं माप विसरायचं, दारू कमी करून खालून सुरुवात करायची, चार गोळ्या झाडून बघायच्या आणि मगच वर चढायचं. तू एकदा कंटाळून म्हणालीस, "एवढ्याशा टोपीने काय होतंय?" तेव्हा त्यांनी तुला टेबलावरून उठवलं होतं. "दारू कमी पडली तर समोरचं एल्क हरीण वाचेल. टोपीत चुकलीस तर तू वाचशीलच असं नाही," म्हणाले होते. तू रडली होतीस आणि मी टेबलाखाली लपलो होतो. आता तेच म्हणतात, पांढऱ्या टोप्या आणि दारू मात्र नेहमीचीच, भरपूर. मी माप कमी करायचं सुचवलं तर म्हणाले, "दहावी अर्धी सोडलेल्याने मला शिकवू नये."  

आधी वाटलं, विसरायला लागले. मग मी दोन्ही डब्यांतल्या टोप्या माझ्याच काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांत बसवून बघितल्या. निळ्या घट्ट बसतात. हाताच्या अवजाराने दाबताना अंगठ्याला चांगला जोर लावावा लागतो, आणि टोपी तळाला टेकली हे अंगठ्यालाच कळतं. पांढऱ्या सहज जातात. म्हणजे बाबा विसरले नव्हते. त्यांनी फार विचार करून निवड केली होती, फक्त ती काडतुसासाठी नव्हती.

मंगळवारी मी मिलमधून लवकर आलो. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा तुझ्या नळ्यांत टोप्या बसवत होते, अंगठ्याने नाही, मनगटाजवळच्या तळव्याने दाबून. आणि बसवली की ती नळी उलटी धरून तिचं बूड खालच्या ओठाला लावत होते. एक एक. टोपी बुडाबाहेर राहिली का, हे ते ओठाने बघत होते. पूर्वी नुसतं बोट फिरवायचे आणि तुझ्याकडे बघून डोळा मारायचे. मी दाराशी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग मागे फिरलो, पावलं मुद्दाम वाजवत पुन्हा आलो, तर नळ्या डब्यात आणि हात खिशात.

आता सगळं जुळतं. शर्टाला बटणांऐवजी चेन, लेसचे बूट कपाटात, कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरणं. मी दवाखान्यातल्या त्यांच्या नर्सला फोन करून विचारलं. ती म्हणाली, त्या औषधाने बोटं बधिर होतात. कुणाची वर्षभरात परत येतात, कुणाची येत नाहीत. बाबांनी तिलाही काही सांगितलेलं नाही.

ते दुपारी झोपले तेव्हा मी त्या नळ्यांच्या बुडांवर पोलादी पट्टी ठेवून बघितली. बहुतेक नीट होत्या. ओठ सहसा खोटं बोलत नाही. पण तीन नळ्यांवर पट्टी डुगडुगली, म्हणजे टोपी बुडाबाहेर राहिलेली. कदाचित काही झालं नसतं, नुसतं काडतूस उडालं नसतं. कदाचित तू रायफलचा बोल्ट पुढे सरकवतानाच उडालं असतं, आणि तुझा चेहरा तिथून वीतभर लांब. त्या तीन मी माझ्या खिशात घातल्या. बाबा पुढच्या आठवड्यात दारू भरणार आहेत.

आपल्याकडे दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी झाडत नाही. अपवाद तू, आणि तूही आजवर फक्त बाबांचंच झाडलंस. मी भरलेलं माझ्याशिवाय कुणीच नाही. म्हणून हे मागणं मी तिसऱ्यांदा लिहून काढतोय. रविवारी बाबांना फोन कर. सांग, खांदा दुखतो, या वर्षी सौम्य काडतुसं हवीत, आणि ती तुझ्या रायफलमधून बघून घ्यायला तू हंगामाआधी येतेयस. म्हणजे त्यांना खालूनच सुरुवात करावी लागेल. मग हसत म्हण, टोप्या ओरिनला बसवू द्या, तो कधी शिकणार? तू म्हणालीस तर ऐकतील. मी म्हणालो तर त्यांना कळेल की मी बघितलंय. माझ्यावर भरवसा नसेल तर स्पष्ट सांग, मला राग येणार नाही, दुकानातली घे. पण त्यांनी एकट्याने भरलेली काडतुसं झाडू नकोस. फोन मी उचलणार नाही, त्यांनाच उचलू देईन. हल्ली त्यांना ते बटण दाबायला वेळ लागतो. घंटा कितीही वाजली तरी ठेवून देऊ नकोस.

तुझाच, तुझ्या उत्तरापर्यंत झोप न लागणारा,
ओरिन