बटण कुणी बंद केलं

हॅमिल्टन, १२ सप्टेंबर २०२४

चि. शकु हिस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र हाताने लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय. फोनवर बोलले तर माझा लेक शशिकांत ऐकेल, आणि त्याने हे ऐकायला नको आहे.

त्याच्या लेकीने, सिद्धीने, मैत्रिणीच्या फार्मवरून बदकाची अंडी आणली आहेत. कपडे धुवायच्या खोलीत विजेची पेटी मांडून ती उबवायला ठेवलीत. माझ्यापेक्षा त्यांचे लाड जास्त! दिवसभर घरात मी एकटी, म्हणून राखण माझ्याकडे.

काल दुपारी तिथे गेले, तर पेटीचं बटण बंद. अंड्यांची ऊब कमी झालेली. माझी खोड तुला ठाऊक आहे, बटण दिसलं की कर बंद. मीच केलं असणार, पण मला काही केल्या आठवत नाही. घाईने चालू केलं. आज पुन्हा तेच. पिल्लं मेली तर पोरीला काय तोंड दाखवू? आणि खरी भीती वेगळीच आहे, शकु. आईचं शेवटी काय झालं ते आपण पाहिलंय. मला ती ‘अहो बाई’ म्हणायची.

कुणाला सांगू नकोस. आपल्या बाळचा गुडघा कसा आहे? पाठचा भाऊ असून एक ओळ लिहीत नाही. त्याला आशीर्वाद. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


सातारा, १४ सप्टेंबर

ती. ताईस शकुचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. अगं, मी परवा गॅसवर दूध ठेवून भिशीला गेले. पातेलं अजून काळं आहे. पण तू शशिकांतला सांग. सिद्धीलाही विचार, पोरीला घाबरायचं काय?

बाळविषयी मग लिहीन. आज हात चालत नाही. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
शकु


हॅमिल्टन, ६ ऑक्टोबर

चि. शकु हिस अनेक आशीर्वाद.

पिल्लं आली! पाच. एक मात्र कवचातच राहिलं, फार वाईट वाटलं. तेव्हा मला राहवेना, रडत सिद्धीला सगळं सांगून टाकलं. तर ती हसायलाच लागली. तिच्या इंग्रजीतून मला एवढं कळलं, की खरी बदकीण रोज अंड्यांवरून उठते, चरते, पोहते आणि ओल्या अंगाने परत येऊन बसते. म्हणून शाळेतून आल्यावर हीच थोडा वेळ बटण बंद करून खेळायला जायची, मग येऊन अंड्यांवर पाणी फवारायची. मी चालू केलेलं बटण तिला बाबांनी कामावरून आल्यावर केलंय असं वाटायचं. पिल्लं स्वीट अ‍ॅज आहेत, आजी, म्हणाली. इथल्या पोरांच्या भाषेत, एकदम झकास.

म्हणजे मी नव्हे गं! डोकं शाबूत आहे माझं. आता शशिकांतला सांगायचं कारणच उरलं नाही. पिल्लं दिव्याच्या उबेला खोक्यात असतात आणि बाहेर काढली की माझ्यामागे रांग लावतात. पाण्यात इतक्यात सोडायची नाहीत म्हणे. अंगाला आईचं तेल लागलेलं नाही, भिजून गारठतील.

बाळचं तू काहीच लिहिलं नाहीस. त्याला म्हणावं, गाढवा, ताईला दोन ओळी लिही. वाट पाहतेय. लोभ दोघांनीही करावा.

तुझी,
ताई


सातारा, ७ ऑक्टोबर

चि. शशिकांत यास शकुमावशीचे अनेक आशीर्वाद.

ताईची दोन्ही पत्रं सोबत पाठवतेय. सांगू नकोस म्हणाली होती, तरी. दोन्हींच्या शेवटच्या ओळी नीट वाच.

तुझा बाळमामा जाऊन दीड वर्ष झालं. ताई तेव्हा इथेच होती. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तिनेच पुढे होऊन हात जोडले होते. पहिल्या पत्रात तिने त्याची चौकशी केली, ती मी हाताची सवय म्हणून सोडून दिली. आता तसं म्हणवत नाही. तिला लवकर डॉक्टरकडे ने. मला फार भीती वाटतेय रे.

पिल्लं तिच्यापाशीच राहू देत. आणि बटण तिने बंद केलं नव्हतं, हे तिला सांगत जा. ते खरंच आहे.

ती बाळच्या पत्राची वाट पाहतेय. आज फोनवरही विचारलंन. त्याच्यासारखं अक्षर मला काढता येतं. लिहू का, तेवढं कळव.

तुझी,
शकुमावशी