मागच्या खोलीतला आवाज

६ ऑक्टोबर

आज परत भिंत वाजली.

हमिदाआपांचा बत्ता. आमची मागची खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर, मध्ये एकच भिंत. ठेचा कुटायचा लोखंडी बत्ता त्या पलीकडून आपटतात – धप्प, धप्प – आणि ह्यांचा हात थांबतो. कितीतरी वर्षं असंच चाललंय. आपांनी मला कधी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गच्चीवर भेटलो की हवापाण्याचं बोलतो.

आजचं निमित्त काय होतं, आत्ता आठवतही नाही. ओठ आतून फाटलाय. चहा झोंबतो.

हात खाली घेऊन हे भिंतीकडे बघत राहिले. म्हणाले, "या बुढीले लय कान हायेत. करतो बंदोबस्त."

९ ऑक्टोबर

बंदोबस्त म्हणजे होम थिएटर!

ह्यांच्या दोस्ताकडे, पंजाबरावांकडे, आहे म्हणे. "भिंतीले फोम लावतेत. आतला आवाज आतच." मागची खोली रिकामी करायला घेतली. माझं कपाट, लेकीची, आकांक्षाची, शाळेतली पुस्तकं, सगळं व्हरांड्यात.

आणि काम मलाच. "तू इंग्लिश वाचतं. काय काय येते, कोणतं घ्या लागते, वाच अन् सांग मले."

मला गप्प करायच्या यंत्राची निवड मीच करायची.

१२ ऑक्टोबर

शाळेतून आल्यावर वाचत बसते. खोटं कशाला लिहू, आवडतंय!

साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी. सगळा आवाज समोरून. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे समोर दोन स्पीकर, मधे एक, मागे दोन. तो 'पॉइंट वन' म्हणजे सबवूफर – धडधड, गडगड एवढंच त्याचं काम. मधल्यातून माणसं बोलतात. मागच्या दोघांतून पाऊस, पावलं, दार. सेव्हन पॉइंट वनला आणखी दोन, पण मग सोफ्यामागे मोकळी जागा हवी. अ‍ॅटमॉसमध्ये छतातूनही आवाज येतो. डोक्यावरून विमान गेलं की माणूस मान वर करतो म्हणे.

हे सगळं कशासाठी, तर बसल्या जागी कळावं, काय कुठून येतंय.

मला ते कधीचं कळतं. फाटकाची कडी डावीकडून. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली की टाकली. चप्पल काढली की भिरकावली. डोळे मिटूनही सांगेन, हे घरात कुठे आहेत आणि कसे आहेत.

आकांक्षाचा अकोल्याहून फोन आला. मागे टीव्ही केवढा मोठा! म्हटलं, कमी कर गं, ऐकू येत नाही. म्हणाली, "राहू दे आई, ह्यांना मोठाच लागतो." पोरीच्या तोंडी 'ह्यांना' ऐकून हसू आलं. लग्नाला वर्षही झालं नाही अजून.

१५ ऑक्टोबर

राजकमल चौकातल्या दुकानात गेलो होतो. दुकानदार परवेज, पंजाबरावांच्या ओळखीचा. ह्यांना अ‍ॅटमॉस हवं होतं. मी बोलून गेले, "खोली लहान आहे, सोफा भिंतीलाच टेकणार. फाइव्ह पॉइंट वन पुरे." परवेज हसला. "भाभीनं तर पूरा अभ्यास करून आणला! बरोबर हाय भाऊ, जास्तीचे स्पीकर तुमच्या खोलीत नुसते भांडतील."

हेही हसले. खूप हसले. फाइव्ह पॉइंट वन घेतलं.

घरी आल्यावर कुलूप लावलं आणि वळले. "दुकानात मले येडा ठरवतं काय, चंदे?" पहिला फटका कानावर. दुसराही त्याच कानावर.

भिंत वाजली. पण आज जरा उशिरा.

१६ ऑक्टोबर

डाव्या कानात शिट्टी वाजतेय. वर्गात पोरांना उजव्या बाजूला बसवलं.

२४ ऑक्टोबर

परवेजची माणसं आली. भिंतीवर काळा खाचाखाचांचा फोम. दाराला जाड पडदा. हे मागे उभे राहून सारखं एकच विचारत होते, "बाहेर नाही ना जाणार आवाज?" माणसं म्हणाली, "फोम लावला ना साहेब."

मी चहा घेऊन दारात उभी.

फोमनं आवाज अडत नाही. मी वाचलंय. फोमनं फक्त आतलं घुमणं कमी होतं. आवाज अडवायचा तर दुसरी भिंतच बांधावी लागते. फोममधून आवाज जातो तो जातोच.

तोंड उघडलं होतं मी. आणि मिटलं.

आजवर किती वेळा गप्प बसले. आजचं गप्प बसणं पहिल्यांदाच माझ्यासाठी होतं.

२६ ऑक्टोबर

पंजाबराव येऊन उद्घाटन करून गेले. बंदुका, काचा, गाड्यांचे स्फोट. सबवूफर वाजला की पोटात हलतं. ते गेल्यावर ह्यांनी सिनेमा चालूच ठेवला. मला आत बोलावलं. पडदा ओढला. आवाज वाढवला.

"आता बोलाव म्हणा तुह्या आपाले."

रागसुद्धा नव्हता हो! नवीन वस्तू चालते का, बघत होते. केस धरून मधल्या स्पीकरसमोर नेलं, ज्यातून माणसं बोलतात ना, तिथे. पट्ट्याचं बक्कल मांडीवर, पाठीवर, दंडावर. मी ओरडले. मुद्दाम ओरडले, पूर्ण आवाज लावून. मला ठाऊक होतं, भिंत आवाज सोडते. आत्ता वाजेल. आत्ता वाजेल.

२७ ऑक्टोबर

भिंत वाजली नाही.

२९ ऑक्टोबर

आज गच्चीवर आपा कपडे वाळत घालत होत्या. मीच गेले. दंड उघडा करून दाखवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांच्या हातातली ओली चादर खाली पडली. "या अल्ला. कधी?"

"शनिवारी. ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"आलं ना! सगळं आलं! आमचे हे म्हणाले बी, पिच्चरमधी कोण्या बाईले मारून राहिले, लय खरं वाटते." आपांनी माझा हात धरला. "मले वाटलं पिच्चरच हाय. भाभी, मले वाटलं पिच्चर."

मग त्या चिडल्याच माझ्यावर. "तुमी मार खातानाबी पुस्तकातलं बोलता! 'नका ना, सोडा ना मला, पाया पडते.' टीव्हीतल्या बाया असंच बोलतात. मी कसं ओळखावं?"

"मग काय करू?"

"वऱ्हाडीत वरडा. पिच्चरमधी कोण वऱ्हाडी बोलते?"

हसलो. खरंच हसलो दोघी. मग माझी बरगडी दुखली आणि मी थांबले.

३ नोव्हेंबर

दर्यापूरजवळच्या आमच्या गावात मी दुसरं काही बोलतच नव्हते. मग बी.एड.ला पुण्यात. 'मले' म्हटलं की पोरी खिदळायच्या. घासून घासून काढलं तोंडातून. मराठीची शिक्षिका झाले. लग्न ठरलं तेव्हा हे सगळ्यांना सांगत, "माही बायको एकदम शुद्ध बोलते."

आज न्हाणीघरात नळ सोडून म्हणून बघितलं. मले. मले सोड. लाज वाटली. आईचा आवाज निघाला माझ्या तोंडून.

आणि दुसरंही एक अडलं. वऱ्हाडीत ओरडायचं तर ह्यांना 'अहो'-'जाहो' कसं करणार? 'मारून राहिले' म्हटलं की परत ते पुस्तकातलंच वाटतं. पाण्याच्या आवाजात हळूच म्हटलं – 'मारून राहिला.'

जीभ अडखळली. दंडावरच्या खपलीला हात लावला आणि परत म्हटलं.

९ नोव्हेंबर

बोटं सुजलीत, पण लिहिणार.

दुपारीच झालं. हे आपलं दुकान लवकर बंद करून आले. किल्ली टाकली – कळलं मला. आत नेलं, सिनेमा लावला, आवाज चढवत गेले. या वेळी गळा धरला. बोटं आतआत जात होती. समोर पडद्यावर कोणीतरी कोणाला तरी गोळ्या घालत होतं, मागच्या स्पीकरमधून माझ्या मानेशी काचा फुटत होत्या. मला वाटलं, मी अशीच जाणार. पार्श्वसंगीतात.

त्यांच्या अंगठ्याला चावले. दात हाडाला लागले. पकड सुटली तेवढ्यात जो श्वास मिळाला, त्यात –

"माय वं! मले मारून राहिला वं! हमिदाआपा, हा सहदेव मले मारून टाकते वं!"

नाव घेतलं. नवऱ्याचं नाव, एकेरीत.

ते जागीच थबकले. चावण्यापेक्षा त्या नावानं. मग माझी बोटं दारात घालून दार दाबलं.

भिंत वाजली नाही. दारच वाजलं, पुढचं. आपा, त्यांचे यजमान गुलाम नबीभाई, पलीकडची मैनाबाई, गल्लीतले चारदोन पुरुष. अर्धवट उघड्या दारातून मला दिसलं, ह्यांनी कडी काढली तेव्हा हातात रिमोट होता. घाम पुसत म्हणाले, "अरे, पिच्चर पाहून राहिलो. आवाज जास्ती झाला काय?"

आपा म्हणाल्या, "मंग बंद करा पिच्चर."

"अं?"

"बंद करा म्हणते ना!"

केला बंद. गोळ्या थांबल्या, काचा थांबल्या. मागच्या खोलीतून माझंच रडणं येत राहिलं, वऱ्हाडीत.

ह्यांनी रिमोटकडे बघितलं. जणू त्यावर माझ्यासाठी एखादं बटण असेल.

१० नोव्हेंबर

पोलीस ठाण्यात सगळं लिहून दिलं. बाईसाहेबांनी विचारलं, "शेजाऱ्यांनी कधी काही ऐकलं?" आपा म्हणाल्या, "लिहा. पहिल्यापासून सांगते."

१२ नोव्हेंबर, अकोला

जावई, अंकुर, गाडी घेऊन न्यायला आले. किती गुणी! पाया पडले, बॅग उचलली, मूर्तिजापूरला गाडी थांबवून चहा पाजला. "आई, आता इथंच राहायचं. कोणाची हिंमत होते तुम्हाला हात लावायची, बघतो."

आकांक्षा दारात गळ्यात पडली. फुल बाह्यांचा कुर्ता घातलाय, या उन्हात. बारीक झालीय. म्हटलं, अभ्यासाचा ताण असेल. कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करतेय.

मला स्वच्छ, धुतलेलं अंथरूण दिलं. निवांत झोपले. इथे कोणाची किल्ली ऐकायची नाही.

१५ नोव्हेंबर

संध्याकाळी अंकुरनं किल्ली टेबलावर टाकली. ठेवली नाही, टाकली. मग त्यांच्या खोलीचं दार लागलं आणि टीव्हीचा आवाज एकदम वाढला.

'ह्यांना मोठाच लागतो.'

स्वयंपाकघरात आकांक्षाचा बत्ता होता. मी तो उचलला, भिंतीवर हाणला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले –

"माह्या पोरीले मारून राहिला वं!"