डाव्या विंगेतला आवाज

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? लेकीकडचा जिना तुम्ही चढता, की त्यानेच तुम्हाला घरी बसवलंय? आम्ही ठणठणीत. तुमच्या भावाला तुमची आठवण अजिबात येत नाही, असं ते दिवसातून अनेकदा, कोणी न विचारता सांगतात.

बातमी अशी, की आपल्या मंडळींनी ते जुनं राजाराणीचं नाटक पुन्हा केलं. केलं म्हणजे वाचलं. हल्ली अभिवाचन म्हणतात: ना पडदा, ना दाढीमिशा, नुसत्या खुर्च्या आणि हातात संहिता. (मुकुट नाही म्हटल्यावर हे रुसले होते, ते वेगळंच.) मला वाटलं, सुटलो एकदाचे! जन्मभर या माणसाने एक वाक्य पाठ केलं नाही. तुम्ही विंगेतून सांगायचं आणि यांनी टाळ्या घ्यायच्या. आता कागद समोर, चष्मा नाकावर; चुकणार कसे?

तर पहिल्याच प्रवेशात महाराज गप्प. मान डावीकडे, कान विंगेकडे. तिथे बसला होता वायरमन. त्याला वाटलं आपल्यालाच बोलावतायत, बिचारा पाणी घेऊन आला. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. त्याने पंखा वाढवला आणि माझी पानं थेट प्रेक्षकांत. (दुसरा अंक मी अंदाजपंचे वाचला.) शेवटी तो पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनाच हाताला धरून घेऊन आला. लोक मात्र डोळे पुसत होते. म्हणे, काय ते विराम!

घरी आल्यावर हे हळूच म्हणाले, "अगं, अक्षरं दिसत होती. पण विंगेतून धाकटा बोलल्याशिवाय तोंडच उघडेना." आता पुढच्या वाचनाला साफ नाही म्हणतायत. मंडळी त्या डॉक्टरांनाच राजा करायला निघालीत, एकदा रंगमंचावर आलेच आहेत म्हणून. मला नव्या राजाची राणी व्हायचं नाही, भाऊजी. समोर उभी राहून मी आधी तुमचा आवाज ऐकायचे, मग यांचा. दोन्ही मिळूनच तो राजा व्हायचा. फार आठवतं ते सगळं.

बाकी क्षेम.

तुमची वहिनी

ता. क. पुढचं वाचन येत्या रविवारी आहे. वायरमनला उजवीकडे हलवलंय. डावीकडे खुर्ची रिकामी ठेवलीये. यांना तिथवर आणायचं माझ्याकडे लागलं. याल ना?

ता. ता. क. यांना मात्र कळू देऊ नका. तुम्ही येणार म्हटल्यावर, तुमच्यावर छाप पाडायला हे आयुष्यात पहिल्यांदा सगळं पाठ करून बसतील.