पुढची खोली मांजरांची

मी रईसा बेगम, मरहूम मकसूद टेलर यांची बेवा, वय एकाहत्तर, राहणार देवणी, कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. साखरेचा आजार आहे, गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने गल्लीतल्या एकवीस मांजरांची नावं मला विचारावीत.

१. राहतं घर माझ्या नावावर, खोल्या तीन. शरियतप्रमाणे तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मला मनासारखं देता येतं. मागच्या दोन खोल्या एकुलता एक मुलगा यासेर याच्या. तो लातुरात असतो आणि घर विकायला टपला आहे. पुढची खोली भाची उमैमाला. अट एकच: नसबंदी झालेल्या मांजरी खायला-प्यायला लागेपर्यंत तिथे राहतील, मग जिथून धरल्या तिथेच सोडायच्या.

यासेर म्हणाला, "अम्मी, पुढची खोली गेल्यावर मागचं कोण घेईल?"

"कुणी न्हाई. म्हणूनच दिली."

२. पिंजरा आणि जाड हातमोजे उमैमालाच. गुरांच्या डॉक्टर सुकन्याबाई नसबंदीची खूण म्हणून भुलीतच डाव्या कानाचं टोक कापतात. तशी मांजर पुन्हा धरू नये. समोरचे किराणावाले माणिकप्पा त्यांना कानतुटक्या अवदसा म्हणतात. दोन वर्षांत गल्लीत एकही पिल्लू वाढलं नाही आणि त्यांच्या तांदळाला उंदीर लागला नाही, हे मात्र ते बोलत नाहीत. मांजरं भरून नेण्यासाठी त्यांनी माझ्याकडे मागितलेलं पोतं त्यांना द्यावं, बूड उसवून.

३. शिलाई मशीन बहीण हुस्नाला. हे तिसऱ्या हिश्श्याबाहेर जातं, पण यासेर राजी आहे. त्याला मशीन नको.

हुस्ना उदगीरची. मी इथली पिल्लं पिशवीत घालून उदगीरच्या बाजारात सोडायची. ती तिथली देवणीत आणून सोडायची, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा उदगीरच्या बसस्टँडवर समोरासमोर आलो.

"आपा, तुझ्याबी पिशवीत हायत?"

दोघी पोट धरून हसलो. तिची खेप वाचावी म्हणून पिशव्या बदलल्या आणि आपापल्या घरी गेलो.

अंगणात मी पिशवी उघडली. जिची पिल्लं मी नेली होती ती माझी मांजर धावत आली. एकेक पिल्लू हुंगलं, बाजूला केलं, आणि रिकाम्या पिशवीत डोकं घालून पुन्हा बघितलं.

त्या दिवशी मला माझी लाज वाटली. अजून वाटते. खोली विकू नका.

वाचून पाहिलं, बरोबर आहे. सही माझ्या हाताची.

रईसा बेगम

आमच्यादेखत सही केली:
१. वकार, घड्याळ दुरुस्ती, देवणी
२. बुद्धप्रिया, शिक्षिका, देवणी

देवणी, जि. लातूर
१४ नोव्हेंबर २०२४