टपावरच्या दोन वाट्या

दिवेआगर,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. हेमाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सारे खुशाल आहोत. अंगणभर सुपारी वाळत पडली आहे, त्यामुळे घरात शिरायचं तर उड्या मारत यावं लागतं. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं आणि तक्रार तुझ्या वहिनीचीच करायची आहे.

आमच्या रुचिताने आपल्या लग्नाच्या रुखवतात काय मांडायचं ते स्वतःच ठरवलं आहे. साखरेचे बंगले नकोत, भांडी नकोत, आजोबांची आगगाडी हवी. स्वतः रेल्वेच्या सिग्नल खात्यात असल्यावर दुसरं काय मागणार? बाबा रेल्वेच्या कारखान्यात सुतार. आपल्या तालुक्यात रूळच नाहीत, म्हणून सुट्टीवर आले की आपल्यासाठी हे चार डबे करत बसायचे, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. निसर्ग वादळात छपराची कौलं काचेच्या कपाटावर आली आणि गाडीचा चुरा झाला. शेजाऱ्यांनी वाडीत सापडलेली प्रत्येक बारीक वस्तू आणून दिली, ती आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. आता तोच डबा घेऊन पडवीत बसलो आहे. बाबांनी एकाही भागावर साधी खूण केलेली नाही. एकेक तुकडा हातात घ्यायचा आणि कुठे बसतो ते बघायचं. खिडक्यांचे गज छत्रीच्या काड्यांचे निघाले. एक जड तुकडा मी इंजिनाचं धुराडं म्हणून ऐटीत बसवला, तर शेजारच्या पुतळाबाई बघून म्हणाल्या की हे धुराडं न्हाय, वादळापासून शोधतेय ती माझ्या कुकरची शिट्टी हाय. काढून दिली.

तीन डबे उभे राहिले, प्रत्येकाच्या टपावर हवा खेळायची एकेक टोपी. चौथ्याच्या टपावर तशा दोन टोप्या कमी आहेत आणि त्या आपल्या देव्हाऱ्यात आहेत. वादळापासून क्रांती त्यांत हळदकुंकू ठेवते. मी म्हटलं, कुंकवाच्या वाटीला बुडाला भोक असतं का? तर तिने ते मेणाने बुजवलंय आणि देवाची वस्तू टपावर जाणार नाही म्हणते. लग्न तोंडावर आलंय. बाबांची गाडी अर्धीमुर्धी द्यायला माझं मन होत नाही. वाटी घराबाहेर न्यायची बंदी आहे, म्हणून तिच्यावर कागद धरून पेन्सिल घासली आहे, तो कागद सोबत आहे. लहानपणी बाबांना कानस देत तूच शेजारी बसायचीस. हा भाग कुठला ते लेखी कळव, म्हणजे मला दाखवता येईल.

जावईबापूंना नमस्कार. आहे तशीच माया ठेव.

तुझा,
रावजीदादा


दिवेआगर,
दि. ९ जानेवारी २०२५

सौ. हेमावन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या दादांचं गुपित दिघीच्या जेट्टीपर्यंतही टिकलं नाही. फेरीबोटीवरच्या हर्षदने मला बाजारात गाठून सांगितलं की काकांचं पत्र मुरुडला पोचवलं. तेव्हा आता माझी बाजूही ऐकून घ्या.

वादळानंतर वाडीत एक माड उभा नव्हता. देव्हारा कुठे उडाला ते कळलं नाही. चिखलात हात घातला आणि या दोन वाट्या लागल्या. त्यांच्यावर रंगाचे पापुद्रे होते, ते मी चिंचेने घासून काढले. एकीत हळद, एकीत कुंकू घातलं आणि पाटावर दिवा लावला. वन्सं, त्या संध्याकाळी मला हे घर पुन्हा आपलं वाटलं. मी खूप रडले आणि मग चुलीवर भात टाकला. ज्या वाट्यांतून इतकी वर्षं कुंकू लावलं, त्या पालथ्या घालून टपावर ठोकायला माझा हात धजत नाही.

पण लेक माझीही आहे. तिची गाडी अपुरी राहावी असं मला वाटेल का? दोन दिवस हे तोंड फुगवून बसले आहेत, जेवण मात्र व्यवस्थित जातं. तुम्ही काय ते ठरवा. तुमचा शब्द मला मान्य.

पापलेट स्वस्त झाले की येऊन जा. आमच्यावरचा जिव्हाळा कमी होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
क्रांती


मुरुड,
दि. १४ जानेवारी २०२५

ती. रावजीदादा व सौ. क्रांतीवहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. तिळगूळ घ्या आणि आता तरी गोड बोला.

दादा, तुझा कागद उघडला आणि मी ओट्याजवळच खाली बसले. कडेच्या त्या बारीक पाकळ्या मी डोळे मिटूनही ओळखेन. शाळेत जाण्याआधी रोज त्याच कडेवर बोट टेकून कुंकू लावलं आहे. अरे, हे आपल्या आईचं हळदकुंकवाचं पाच वाट्यांचं पंचपाळं. तेच, जे मी भातुकलीत हरवलं म्हणून आईने मला झोडपलं होतं. पुढे माझं लग्न होईपर्यंत काही सापडेना झालं की माझंच नाव निघायचं. आणि मी रडत असताना बाबा पडवीत मान खाली घालून कानस घासत होते! आता कळतंय काय घासत होते ते. आईच्या धाकाने बोलले नसतील. मला राग यायला हवा होता, पण मी इतकी हसले की हे दुकानातून धावत आले. हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही.

बुडाचं भोक पंचपाळ्याच्या स्क्रूचं. त्या वाट्या स्क्रूनेच पट्टीवर बसवलेल्या होत्या. खात्री हवी तर बाकीच्या डब्यांवरच्या टोप्यांचा चंदेरी रंग नखाने खरवडून बघ, खाली पाकळ्या दिसतील.

तेव्हा माझा निवाडा असा, की टोपी म्हणणारा दादाही खरा आणि कुंकवाची वाटी म्हणणारी वहिनीही खरी. वाट्या टपावर बसवा, पण पालथ्या नकोत, उताण्या बसवा. हळदकुंकू भरा. रुखवत बघायला येणाऱ्या बायका गाडीतूनच कुंकू लावतील.

थोरांना नमस्कार, रुचिताला पापा. माझ्यावर लोभ असावा, आणि यापुढे आळ नसावा.

आपली,
हेमाली


दिवेआगर,
दि. २० जानेवारी २०२५

चि. सौ. हेमाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रंग खरवडला. तिन्ही टोप्यांवर पाकळ्या निघाल्या. क्रांतीने ते पाहिलं. मग स्वतः उठून देव्हाऱ्यातल्या वाट्या आणल्या, मेण काढलं आणि स्क्रू मी पिळत असताना टप धरून बसली. देव्हाऱ्यासाठी बोर्लीच्या बाजारातून तिला नवं पंचपाळं आणलं आहे. ती म्हणते, सासूबाई आपले शब्द मागे घ्यायला आज नाहीत, तेव्हा रुखवतातलं पहिलं कुंकू हेमावन्संचं. दुसऱ्या कुणाला आधी हात लावू द्यायचा नाही, असं पुतळाबाईंनाही बजावलं आहे. तेव्हा हळदीच्या आदल्या दिवशीच ये.

काल रुचिता आली. वाट्या भरल्या आणि तिने जुन्या सुतळीने गाडी पडवीभर ओढली. चारही डबे सरळ चालले, एकही रुळावरून घसरला नाही. रूळ नाहीतच म्हणा, पण सिग्नलवाल्या मुलीने पास केली, म्हणजे झालं. तिचं हसू बघून मला बाबा आठवले आणि मी उगाच सुपारी हलवायला अंगणात गेलो.

परत आलो तर उंबऱ्याच्या हिसक्याने कुंकू सांडून डब्याचा पुढचा भाग लाल झाला होता. नव्या रंगावर डाग राहील म्हणून मी फडकं घेतलं. क्रांतीने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे तिच्या कपाळाला, तीही सासरीच निघाली आहे.

वाट बघतोय. सर्वांना घेऊन ये.

तुझा,
रावजीदादा